पुणेरी वाड्याचा चौक

पुण्याच्या पेठांतील एखादा जुना वाडा पाडला जातो, तेव्हां त्याचे सुरूचे खांब, केळफुलें व नक्षीच्या चौकटी विकत घेणारे लोक लगेच मिळतात. त्या वस्तू पुढें कोणाच्या बंगल्यांत किंवा खाणावळींत शोभेस लागतात आणि वाड्याचा कांहीं अंश तरी राहिला असें समाधान मानलें जातें. आमच्या मतें हें समाधान खोटें आहे. खांब हे वाड्याचे अलंकार होत. त्याचा जीव चौकांत आहे. चौक ही मोकळी जागा. ती उचलून नेतां येत नाहीं, विकतांही येत नाहीं. म्हणून चौक कसा चाले व त्यांतून आज काय घेण्यासारखें आहे, याचा विचार येथें करावयाचा आहे.

मध्यें अंगण व चारी बाजूंस शाला अशा घरास संस्कृत ग्रंथांत ‘चतुःशाल’ म्हणतात. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत रचिलेल्या बृहत्संहितेंत वास्तुविद्येच्या अध्यायांत त्याचे सर्वतोभद्र, नंद्यावर्त, वर्धमान, स्वस्तिक व रुचक असे पांच प्रकार सांगितले आहेत. अलिंद, म्हणजे शालेपुढील ओसरी, कोठून कोठपर्यंत न्यावी व द्वार कोणत्या दिशेस ठेवूं नये, यांवरून हे भेद झाले आहेत. मृच्छकटिकाच्या चौथ्या अंकांत वसंतसेनेच्या घरीं गेलेल्या विदूषकास एकामागून एक आठ प्रकोष्ठ ओलांडावे लागतात. परंतु एवढ्यावरून पुण्याचा सुतार बृहत्संहिता वाचून काम करी, असें आम्ही म्हणत नाहीं. ग्रंथांत नांव सांपडलें म्हणजे परंपरा सिद्ध झाली, असें मानण्याची खोड आम्हां संस्कृत शिकलेल्यांस असते. ती येथें आवरलेली बरी. गवंड्याचें व सुताराचें ज्ञान पोथीवांचूनही बापाकडून मुलाकडे जातें.

आतां प्रत्यक्ष वाडा पाहूं. त्याचें माप ‘खण’ हें होय. दोन खांबांमधील अंतर तो एक खण. साधारणतः पांच-सहा फुटांचा. घडीव काळ्या दगडाचें जोतें, त्यावर तळखडे, तळखड्यांवर सागाचे खांब, खांबांवर तुळया आणि तुळयांवर कडीपाट, अशी ही रचना आहे. रस्त्याकडील भिंत बहुधा बंद असे. मोठ्या दरवाज्यांतील दिंडीनें आंत शिरलें कीं देवडी लागे, व तेथून पहिला चौक. त्याच्या भोंवतीं ओसरीवर व सोप्यांत कारकून, कुळें व पाहुणे यांची बैठक; वरच्या मजल्यावर दिवाणखाना. दुसऱ्या चौकाभोंवतीं माजघर, देवघर व स्वयंपाकघर; त्यामागें परसूं आणि आड. साध्या गृहस्थाचा वाडा एका चौकाचा, सरदाराचा दोन-तीन चौकांचा असे.

शनिवारवाड्याचा पाया ता. १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला व वास्तुशांति ता. २२ जानेवारी १७३२ रोजीं झाली. ता. २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं लागलेल्या आगींत त्याचे लांकडी मजले जळाले. तट, दरवाजे व जोतीं राहिलीं. त्या जोत्यांवरून चौकांची मांडणी आजही वाचतां येते. लांकूड गेलें तरी योजना शिल्लक राहूं शकते, हें यांतून ध्यानांत घ्यावें.

चौकाचें कार्य हवा-पाण्याच्या दृष्टीनें असें. पुण्यास उन्हाळ्याचे दिवस तापतात, पण रात्री निवतात. रात्रीची गार, जड हवा चौकांत उतरते आणि जाड भिंती व दगडी जोतें तो गारवा धरून ठेवतात. दिवसां तापलेली हवा वर जाते व खोल्यांतील वारा हालता राहतो. चौक दोन मजली भिंतींमध्यें खोल असल्यामुळें माध्यान्हींवांचून त्यांत सावली असते. ओसरीमुळें ऊन व पावसाची झड खोलींत शिरत नाहीं. कौलांवरचें पाणी चौकांत पडून मोरीवाटें बाहेर जातें. सारांश, रस्त्याकडे पाठ केलेल्या घरास उजेड, वारा व आकाश चौकच पुरवितो.

चीन देशांतही अशीच घरें आहेत. त्यांस ‘सिहेयुआन’ म्हणतात. चार बाजू जोडून झालेलें अंगण, असा त्याचा अर्थ. शेन्सी प्रांतांत फंगछू येथें सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या अशा इमारतीचे अवशेष उत्खननांत सांपडले आहेत. बीजिंग येथील घरांत मुख्य दालन उत्तरेस, दक्षिणाभिमुख, कुटुंबांतील वडिलांसाठीं. पूर्व-पश्चिमेच्या दालनांत मुलांचीं बिऱ्हाडें. दरवाजा बहुधा आग्नेय कोपऱ्यांत, आणि आंत शिरतांच दृष्टि अडविणारी आडभिंत. तेथील हिवाळा कडक, म्हणून अंगण रुंद व घर एकमजली, कीं ऊन आंत यावें. आमच्याकडे ऊन टाळावयाचें, म्हणून चौक अरुंद व खोल. आकृति एक, प्रयोजन उलट. मोहेंजोदडो येथील घरांसही चौक होते. तेव्हां कोणी कोणाचें अनुकरण केलें हा प्रश्न येथें व्यर्थ होय.

चौकाची स्तुति करतांना त्याचा दोषही सांगितला पाहिजे. कोणी कोणत्या चौकापर्यंत यावें, हें जात, सोवळें व स्त्रीपुरुषभेद यांवरून ठरे. मागच्या चौकांत कित्येक स्त्रियांचें आयुष्य कोंडलें गेलें. परंतु बुधवार पेठेंतील भिडेवाड्यांतच जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालीं मुलींची शाळा काढली. म्हणजे रीत वाड्याच्या भिंतींत नव्हे, माणसांच्या मनांत होती. ती बदलतां येते. तो वाडाही २०२३ च्या डिसेंबरांत स्मारकासाठीं पाडण्यांत आला.

आमचें बालपण सदाशिव पेठेंत एका वाड्यांतील भाड्याच्या चार खणांत गेलें. आई आजारी असली कीं समोरच्या काकूंच्या घरून आमच्यासाठीं भात येई; बोलावणें लागत नसे, कारण आमच्याकडे चूल पेटली नाहीं हें चौकांतून दिसे. त्याच वाड्यांत आठ बिऱ्हाडांस मिळून दोन संडास होते व पावसाळ्यांत कौलें गळत, हेंही आम्ही विसरलों नाहीं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं गोठलीं. भाडेकरूस आसरा मिळाला, पण दुरुस्तीचा खर्च मालकास परवडेना. ता. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून आलेल्या पुरांत नदीकांठचे कित्येक वाडे गेले. पुढें आमचाही वाडा पडला. नव्या इमारतींत पाण्याची सोय उत्तम झाली; चौकाच्या जागीं मोटारी उभ्या राहूं लागल्या. काकूंचा दरवाजा आमच्या दरवाज्यापासून सहा फुटांवर आला आणि त्या आजारी होत्या, हें आम्हांस चार दिवसांनीं कळलें.

बीजिंगमध्येंही १९४९ नंतर एकेका घरांत अनेक कुटुंबें राहूं लागलीं व १९७६ च्या भूकंपानंतर अंगणें झोंपड्यांनीं भरलीं. तेथील वास्तुतज्ज्ञ वू लियांगयोंग यांनीं ज्यूअर गल्लींत जुन्या घरांच्या जागीं दोन-तीन मजली घरें अंगणाभोंवतीं बांधविलीं. पहिला टप्पा १९९० सालीं पुरा झाला. प्रत्येक बिऱ्हाडास स्वतंत्र न्हाणीघर व स्वयंपाकघर मिळालें, आणि अंगणही राहिलें. हें पेठांतही अशक्य नाहीं. इमारतीभोंवतीं चिंचोळ्या पट्ट्या सोडण्यांत जी जागा जाते, ती शेजारचे दोन-तीन वाडे एकत्र करून मध्यें सोडली तर एक बरा चौक होईल. नक्षीचे खांब नसले तरी चालतील. दारें मात्र चौकाकडे उघडलीं पाहिजेत.

इतिहासाच्या अभ्यासकांकडे याहून लहान, पण तांतडीचें काम आहे. ज्या वाड्याचें पाडकाम ठरलें असेल, तेथें आधीं फीत घेऊन जावें. चौकाची लांबी-रुंदी, ओसरीची खोली, खणांची संख्या व पाण्याची वाट टिपून नकाशा काढावा, आणि कोण कोठें राहत असे हें वृद्धांस विचारून त्यावर लिहावें. एका वाड्यास दोन दिवस पुरतात. खांब विकत घेणाराही साधारण तितक्याच वेळांत येतो. त्याच्या आधीं आपण पोंचलें पाहिजे.