मारुतीचा शेंदरी डाग आणि गायतोंड्यांचा कॅनव्हास

नाशिकच्या जलरंगकारांनी गंगाघाट किती वेळा रंगवला असेल याची मोजदाद होणार नाही. शिवाजी तुपे यांच्यासारख्यांनी तर या घाटावर आणि देवळांवर जीव लावला. असं एखादं घाटाचं चित्र समोर आलं, तर ते दोनदा पाहा. आधी चार हातांवरून. नारोशंकराचं देऊळ ओळखू येतं, पायऱ्या कळतात, पात्रातला दुतोंड्या मारुती दिसतो. मग अगदी कागदाला नाक लागेल इतकं जवळ जा. मारुती नाहीसा होतो! उरतो ओल्या कागदावर सोडलेला एक शेंदरी डाग. खालच्या कडेला तो करड्या निळ्यात फुटलाय, मध्येच कोऱ्या कागदाचा पांढरा कण तसाच राखलाय. त्यात चेहरा नाही, हातपाय नाहीत, आणि तरी नजर तिथून हलत नाही. वस्तू निघून गेली तरी रंग आपल्याला धरून ठेवतो, हे केवढं नवल आहे! अमूर्त चित्रकला या नवलापासूनच सुरू होते.

वासिली कॅन्डिन्स्कीला हा धक्का १८९६ च्या सुमारास मॉस्कोत बसला. क्लोद मोनेचं गवताच्या गंजीचं चित्र त्याने पाहिलं, पण ती गंजी आहे हे त्याला प्रदर्शनाची यादी वाचल्यावरच समजलं. आधी तो वैतागला. मात्र चित्र काही केल्या डोक्यातून जाईना. तेव्हा तो तिशीत होता, कायद्याचा अभ्यासक होता. ते सगळं सोडून तो चित्रकला शिकायला म्युनिकला गेला. जानेवारी १९११ मध्ये तिथे त्याने आर्नोल्ड शोनबर्गच्या संगीताची मैफल ऐकली आणि लगोलग एक चित्र रंगवलं. त्यात पियानोचा काळा आकार अजून ओळखता येतो, पण बाकी कॅनव्हासभर पिवळा रंग उसळलाय, जणू सूरच. त्याच्याही आधी, १९०६ पासून, स्वीडनमध्ये हिल्मा आफ क्लिंट ही चित्रकर्ती ओळखीच्या वस्तूंपासून दूर गेलेली चित्रं काढत होती. आपल्या मृत्यूनंतर वीस वर्षं ती कुणाला दाखवू नयेत, असं तिने सांगून ठेवलं होतं. १९४४ मध्ये ती गेली. अमूर्त चित्रकलेच्या प्रवर्तकांच्या यादीत तिचं नाव इतक्या उशिरा आलं, याची मला फार हळहळ वाटते.

आपल्याकडे ही वाट शेवटपर्यंत चालले ते वासुदेव गायतोंडे. जन्म १९२४ चा, नागपूरचा, घराणं गोव्याकडचं, लहानपणापासून गिरगावातल्या चाळीत वाढलेले. १९४८ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेतली. सुरुवातीच्या चित्रांत माणसं आहेत, लघुचित्रांसारखे सपाट, तेजस्वी रंग आहेत. पुढे पॉल क्लेच्या चित्रांचा प्रभाव पडला, आणि पन्नासचं दशक सरता सरता माणसं चित्रातून निघून गेली. झेन विचाराची ओढ होती, बोलणं कमी, लोकांत मिसळणं त्याहून कमी. वर्षाकाठी पाच-सहा चित्रं, एवढंच काम. बाकीचा वेळ ते नुसते बसून असत. चित्र आधी आत तयार व्हायचं.

हाताने ते काय करत, हे कळलं की ही चित्रं एकदम जवळ येतात. ब्रश त्यांनी बराचसा बाजूला ठेवला. रोलर आणि पॅलेट नाइफ घेऊन रंगाचे थर चढवायचे, ते ओले असतानाच खरवडायचे, कागदाचे तुकडे रंगावर दाबून उचलायचे. उचललेल्या जागी खालचा थर उजळून वर येतो. म्हणून त्यांच्या हिरव्या किंवा मातकट कॅनव्हासवरचे आकार तरंगताहेत की बुडताहेत, सांगता येत नाही.

नाशिककरांना थरांचं हे गूढ परकं नाही. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवर पिढ्यान् पिढ्या शेंदूर चढत गेला आणि देवीचं एक रूप ठरून गेलं. २०२२ मध्ये तो शेंदूर काढल्यावर आतलं मूळ रूप दिसलं. ते पाहताना लोक नुसते स्तब्ध झाले, कारण आपण इतके दिवस पाहत होतो तो काळच होता, साचलेला. गायतोंड्यांच्या कॅनव्हासवरही काळ असाच साचलाय. तो कुणीतरी विचारपूर्वक घातला आणि विचारपूर्वक उचलला.

तेव्हा अमूर्त चित्रापुढे उभं राहिल्यावर ‘हे काय आहे?’ याऐवजी ‘हे इथे कसं आलं?’ असं विचारून पाहा. आपला मेंदू ढगातही चेहरा शोधतो. चित्रात मासा दिसला, डोंगर दिसला, तर दिसू द्या, थोड्या वेळाने तो आपोआप विरतो. मग कामाला लागा. कुठला रंग आधी लागला असेल? हात कुठे जोरात फिरला, कुठे थांबला? एक कोपरा हाताने झाकला तर बाकीचं चित्र कलंडतं का? बाजूला सरकून कॅनव्हासची कड बघा. समोरून दडलेले खालचे रंग तिथे अनेकदा उघडे असतात. आणि फोनवर पाहून मत बनवू नका. माणसाएवढा उंच कॅनव्हास तळहातावर मावला की त्याचा सगळा दाब निघून जातो.

न्यूयॉर्कचं गुगेनहाइम संग्रहालय १९३९ मध्ये कॅन्डिन्स्कीच्याच जातीच्या चित्रांसाठी सुरू झालं होतं. पंचाहत्तर वर्षांनी, २०१४ मध्ये, तिथे गायतोंड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. ते पाहायला गायतोंडे नव्हते; २००१ मध्येच ते गेले. आपल्याला मात्र तेवढं लांब जायला नको. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांचा संग्रह आहे, त्यात गायतोंडे आहेत. सध्या काय लावलंय ते फोन करून विचारा आणि सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने निघा. परतीची पंचवटी थेट संध्याकाळी आहे, म्हणजे एकाच चित्रापुढे बसायलाही वेळ भरपूर.