खारा वारा आणि स्ट्रट : रायगड किनाऱ्यावरील जुन्या मोटारींच्या पुढच्या सस्पेन्शनचा मागोवा

उरण-मांडव्यापासून अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनमार्गे हरिहरेश्वरापर्यंत पसरलेल्या रायगडच्या किनारपट्टीवर जुन्या मोटारीचे आयुष्य इंजिनापेक्षा पुढच्या चाकांच्या जोडणीवरच अधिक ठरत आले आहे. या जोडणीला सस्पेन्शन म्हणतात. रस्त्याचा दणका स्प्रिंगने झेलायचा, दणक्यानंतर उड्या मारू पाहणाऱ्या त्या स्प्रिंगला तेलाच्या नळकांड्याने, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘शॉकअप’ने, आवरायचे आणि चाक सदैव जमिनीला टेकलेले ठेवायचे, असे तिचे काम असते. ते काम कोणत्या रचनेने व्हावे याची उत्तरे गेल्या सत्तर वर्षांत बदलत गेली, आणि प्रत्येक उत्तराची खरी परीक्षा खाऱ्या वाऱ्याने घेतली.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९५० च्या दशकात फियाट ११०० बाजारात आणली आणि पुढे १९७४ पासून तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईहून पनवेल, पेण, वडखळमार्गे अलिबागकडे उतरणाऱ्या खासगी गाड्यांत या घराण्याच्या मोटारी दीर्घकाळ ठळकपणे दिसत. पद्मिनीच्या पुढच्या प्रत्येक चाकाला एकावर एक अशा दोन भुजा धरून ठेवीत. त्यांच्या फाट्यासारख्या आकारामुळे त्यांना विशबोन म्हणतात. चाक जागेवर धरण्याची जबाबदारी या भुजांची असल्याने शॉकअप हा केवळ स्प्रिंगला आवरणारा सुटा भाग होता. तो गेला तरी गाडी डुलत, आपटत का होईना, घरी पोहोचत असे, आणि तो बदलण्यासाठी स्प्रिंगला हात लावावा लागत नसे. तिची समकालीन अँबॅसिडर पुढच्या बाजूस वेटोळ्या स्प्रिंगऐवजी पिळली जाणारी लांब पोलादी सळई, म्हणजे टॉर्शन बार, वापरीत होती.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि चित्र पालटले. या गाडीने मॅकफर्सन स्ट्रट ही रचना भारतात घरोघरी पोहोचवली. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने १९४० च्या दशकात विकसित केलेली ही रचना १९५० च्या सुमारास युरोपातील फोर्डच्या गाड्यांत प्रथम मोठ्या प्रमाणावर आली होती. तिच्यात वरची भुजा नसते. शॉकअपचे नळकांडे जाड करून त्याच्याभोवती स्प्रिंग बसवतात, त्याचे खालचे टोक चाकाच्या गाठीला आणि वरचे टोक थेट गाडीच्या अंगाला बोल्टने आवळतात. त्यामुळे भार पेलणे, उसळी आवरणे आणि स्टीअरिंग फिरवताना चाकासह वळणे, ही तिन्ही कामे एकाच खांबाकडे येतात. जागा वाचते, वजन कमी होते, खर्चही आटोक्यात राहतो. मात्र तो एक खांब बिघडला की तिन्ही कामे एकदम बिघडतात.

किनाऱ्यावर हा खांब बिघडण्याचा क्रम ठरलेला आहे. नळकांड्यात वरखाली सरकणाऱ्या दांड्याला चकचकीत क्रोमचा मुलामा असतो आणि त्यावर रबराचे आवरण असते. खड्ड्यांनी आणि वर्षानुवर्षांच्या उन्हाने ते आवरण फाटले की रेवदंडा-काशीदच्या बाजूची बारीक वाळू व खारट दमटपणा थेट दांड्यावर बसतो, मुलाम्याला टाचणीच्या टोकाएवढे खळगे पडतात आणि दांडा वरखाली होताना तेच खळगे तेल अडवणारे सील कापत जातात. तेल गळते, नळकांड्यावर काळपट ओशट थर धरतो, टायर जागोजागी खाल्ला जातो. त्याहून घातक गोष्ट सहसा नजरेआड राहते. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या भागात स्प्रिंगच्या खालच्या बैठकीत चिखल साचून राहतो, आणि स्ट्रटचे वरचे टोक ज्या पत्र्याच्या घुमटाला आवळलेले असते तो घुमट आतून गंजतो. स्ट्रट नवा आणता येतो. घुमटाचा पत्रा गेला तर नव्या स्ट्रटला आधारच उरत नाही.

म्हणूनच या गाड्यांचे पुढचे स्ट्रट बदलणे हे निव्वळ नटबोल्टाचे काम मानणे चूक आहे. गाडी जॅकवर उचलून भक्कम आधारावर ठेवणे, ब्रेकची नळी स्ट्रटपासून सोडवणे, गंजाने धरलेल्या खालच्या बोल्टांना आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल पाजणे आणि मग वरचे नट काढून स्ट्रट बाहेर घेणे, इथपर्यंत काम धीराचे असते. धोका पुढे असतो. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये प्रचंड जोर कोंडलेला असतो. ती शिकंज्यात पक्की आवळल्याखेरीज दांड्याच्या टोकाचा मधला नट सैल केला तर ती जीवघेण्या वेगाने सुटू शकते. दोन्ही बाजूंचे स्ट्रट जोडीनेच बदलावे लागतात, नाहीतर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते; आणि शेवटी चाकांची दिशा व झोक मोजून घ्यावा लागतो, त्यालाच अलाइनमेंट म्हणतात.

पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या आरंभी थांबले, मारुती ८०० चे जानेवारी २०१४ मध्ये. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार पन्नास वर्षांहून जुने आणि सांगाडा, अंग वा इंजिन यांत मोठे फेरफार न झालेले वाहन ‘व्हिंटेज’ ठरते. या नियमाने पद्मिनीच्या पहिल्या गाड्यांना मान मिळाला, परंतु १९८३ ची मारुती तिथे २०३३ नंतरच पोहोचेल. किनाऱ्यावरच्या गाड्यांसाठी ही मधली वर्षेच निर्णायक आहेत, कारण इंजिन बांधून घेता येते, पण अंगाचा गंज एका मर्यादेपलीकडे मागे फिरत नाही. मार्च २०२० पासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या बोटीने उतरू लागल्या आहेत, तेव्हा समुद्राच्या वाऱ्याशी त्यांची गाठ प्रवासातच पडते. अशा गाडीच्या मालकाने घरी परतल्यावर चाकांच्या कमानी आतून गोड्या पाण्याने धुवाव्यात, आणि जुनी गाडी विकत घेणाऱ्याने इंजिन सुरू करून पाहण्याआधी बॉनेट उघडून दोन्ही घुमटांच्या पत्र्यावर बोट दाबून पाहावे.