गोदावरीकाठाने गोंडवनाकडे

नाशिक जिल्ह्यातल्या ब्रह्मगिरी, अंजनेरी किंवा साल्हेरचा कडा लांबून पाहिला, तर डोंगराला कोणी पायऱ्या पाडल्यात असे वाटते. एकेक पायरी म्हणजे लाव्हाचा एकेक थर. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून हा लाव्हा वाहिला आणि दख्खनचे पठार घडले. आजही त्याची व्याप्ती सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर आहे. नाशिकची पांडवलेणी या लाव्हाच्याच काळ्या कातळात कोरलेली आहेत.

हा लाव्हा का उसळला, हे समजायला आणखी मागे जावे लागते. भारत, आफ्रिका, मादागास्कर, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका हे भूभाग एकेकाळी सलग होते. तो महाखंड म्हणजे गोंडवन. सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वी तो फुटू लागला. साधारण 13 कोटी वर्षांपूर्वी भारत अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलियापासून सुटला, 8.8 कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास मादागास्करही मागे राहिला. उत्तरेकडे सरकताना भारत आज रियुनियन बेटाखाली असलेल्या हॉटस्पॉटवरून गेला. खोलातून वर येणाऱ्या तप्त खडकामुळे कवच ताणले गेले, लाव्हा उसळला आणि पुढे पश्चिमेचा एक तुकडाही तुटला. तो तुकडा म्हणजे सेशेल्स. तिथे दख्खनच्याच वयाचे अग्निजन्य खडक सापडतात. नाशिकचे डोंगर म्हणजे या फाटाफुटीच्या अखेरच्या टप्प्याचा पुरावा.

त्याआधीचे पुरावे गोदावरीच्या खालच्या अंगाला आहेत. नांदेड जिल्ह्यात काळा कातळ संपू लागतो आणि जुना ग्रॅनाइट दिसतो. सिरोंचाजवळ प्राणहिता नदी गोदावरीला येऊन मिळते, तिथे गोंडवन काळातले गाळाचे खडक आहेत. महाखंडाला ताण बसून जमीन दोन भेगांमध्ये खचली, त्या खोलगट पट्ट्यात नद्यांनी गाळ भरला आणि त्यात डायनोसॉरची हाडे टिकली. चंद्रपूरच्या वर्धा खोऱ्यातला कोळसाही याच खडकांतला. त्यातल्या ग्लॉसोप्टेरिस वनस्पतीची पाने दक्षिणेच्या सर्व खंडांत सापडतात. तिच्या जड बिया महासागर ओलांडणे अशक्यप्राय. अशा साम्यांवरून 1885 मध्ये भूशास्त्रज्ञ एडुआर्ड स्यूस यांनी यांतले काही भूभाग पूर्वी जोडलेले असावेत, असे मांडले. ते कसे दूर गेले, हे कोडे भूपट्ट सिद्धांताने विसाव्या शतकात सोडवले.

सिरोंचाजवळ वडधमला असे अवशेष जपणारे जीवाश्म उद्यान आहे. नाशिकभोवतीच्या टेकड्या मात्र खडीसाठी पोखरल्या जात आहेत. लाव्हाचे थर स्पष्ट दिसणारे निवडक कडे तरी भूवारसा म्हणून राखायला हवेत. एकदा फुटलेला थर पुन्हा मिळणार नाही.