अंध कार्यकर्त्यालाही मसुदा वाचता आला पाहिजे

१४ एप्रिलची तयारी असो की वॉर्ड ऑफिसला द्यायचे निवेदन, शीव कोळीवाड्यातल्या मंडळांचा मसुदा आता गुगल डॉक्सवर तयार होतो. लिंक ग्रुपवर पडते आणि सगळे दुरुस्त्या सुचवतात. पण आपल्यातला अंध सहकारी तो कसा वाचणार?

तो स्क्रीन रीडर वापरतो. हे सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवते. त्यातले एनव्हीडीए हे मोफत आहे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये त्याचे काम सुरू केले आणि पुढे जेम्स तेह हा दुसरा अंध तरुण त्यात सहभागी झाला. त्यात मराठी आवाजही आहे.

गुगल डॉक्समध्ये मात्र एक अडचण येते. २०२१ पासून गुगलने डॉक्सचे पान चित्रासारखे रेखाटायला सुरुवात केली. त्यामुळे साध्या वेबपानासारखा तो मजकूर स्क्रीन रीडरच्या हाती लागत नाही. त्यासाठी डॉक्समधला स्क्रीन रीडर सपोर्ट चालू करावा लागतो. विंडोजवर कंट्रोल, अल्ट आणि झेड एकत्र दाबले की तो सुरू होतो. कंट्रोल आणि अल्ट दाबून ठेवून आधी एन, मग एच दाबले की पुढचे हेडिंग मिळते. एचऐवजी सी दाबले तर पुढची कमेंट मिळते.

एवढे तो सहकारी करील. बाकीची जबाबदारी लिहिणाऱ्यांची, म्हणजे आपली.

पहिली गोष्ट, युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर दिसते, पण आत रोमन अक्षरांचे संकेत साठवलेले असतात. डोळस माणसाला निवेदन दिसते, अंध माणसाला मात्र निरर्थक अक्षरे ऐकू येतात. मोबाईलवरचा मराठी कीबोर्ड युनिकोडच देतो.

दुसरी, शीर्षक नुसते ठळक करू नका, हेडिंगची स्टाइल द्या. नाहीतर हेडिंगवरून हेडिंगवर उडी मारता येत नाही.

तिसरी, दुरुस्ती लाल रंगात करू नका. रंग सहसा ऐकू येत नाही. कंट्रोल, अल्ट आणि एम दाबून कमेंट लिहा.

चौथी, कागदाचा फोटो टाकून मोकळे होऊ नका. मजकूर टाइप करा, चित्राला वर्णन जोडा.

प्रशिक्षण आणि मार्गदर्शनासाठी फार लांब जावे लागत नाही. जीटीबी नगरहून हार्बर लोकलने सीएसएमटी गाठा. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये दृष्टिबाधितांसाठीचे संसाधन केंद्र २००३ पासून काम करते आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४२ मध्ये मजकूर सर्वांना वापरता येईल अशा स्वरूपात उपलब्ध करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. सरकारकडे ते मागताना आपले स्वतःचे निवेदन तरी आपल्या अंध सहकाऱ्याला वाचता येते का, हे आधी तपासू या. ज्याला मसुदा वाचता येत नाही, त्याच्या वाट्याला फक्त सही करणे उरते. समतेची भाषा बोलणाऱ्या चळवळीत असे होता कामा नये.