उजवी खिडकी की डावी?

मुंबईहून दक्षिणेकडे निघालेल्या विमानात देवगडजवळच्या जामसंड्याचं एखादं कुटुंब चढलं की पहिली हमरीतुमरी खिडकीवरून. पोरांनी आधीच जागा पकडलेली असते. तेवढ्यात कोणीतरी दटावतं, "आजयेक खिडकेकडे बसवा रे!" आजीला एवढंच बघायचं असतं, की आपला गाव वरून दिसतो का.

दिसतो.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला आणि पहिल्या दिवशी तिथे उतरलं ते पंख्यांचं एटीआर विमान. इथली सेवा मधेच खंडित होते, हे चाकरमान्यांना वेगळं सांगायला नको. पण कोकण बघायचं तर हेच विमान उत्तम. त्याचे पंख खिडक्यांच्या वर असल्यामुळे खालचा मुलूख झाकला जात नाही, आणि उडतंही ते मोठ्या जेट विमानांपेक्षा बरंच खालून. सतरा हजार फुटांवर क्षितिज सुमारे अडीचशे किलोमीटर लांब असतं. कोकणपट्टीची रुंदी जेमतेम पन्नास-साठ. हवा स्वच्छ असली तर एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्रीची भिंत.

गाव ओळखायचा तर खाड्या मोजत यायचं. बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री. विजयदुर्गची खाडी मागे पडली की सावध व्हावं, कारण देवगड लगेच येतं: समुद्रात घुसलेलं किल्ल्याचं भूशिर, पवनचक्क्या आणि त्यांना लागून जामसंडे. एस.टी.तून जाताना इथली आंब्याची बाग म्हणजे नुसता गडगा आणि त्यामागची पानं. वरून मात्र तिची आखणी उलगडते. जुन्या पद्धतीने दहा-दहा मीटरवर लावलेली हापूसची कलमं तांबूस-काळ्या कातळावर हिरव्या ठिपक्यांसारखी ओळीने उभी असतात. मे महिन्यात आंबा असतो, पण हवा धुरकट. हे ठिपके नीट दिसतात ते पाऊस सरल्यावर.

पुढे मालवणसमोर कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग, आणि त्यानंतर देवबाग. तिथे कर्ली नदी समुद्राच्या अगदी जवळ येऊनही त्याला मिळत नाही, किनाऱ्याला समांतर वाहत राहते. लाटांनी आणून टाकलेल्या वाळूचा दांडा मधे आडवा पडलाय, आणि त्या चिंचोळ्या पट्टीवर माडांसकट अख्खं गाव वसलंय. होडीतून कितीही फिरलं तरी हा प्रकार एका नजरेत येत नाही.

खाली ढगच असले तरी खिडकी सोडू नये. सूर्याच्या विरुद्ध बाजूला ढगांवर विमानाची सावली पडते आणि तिच्याभोवती रंगीत कडं उमटतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर ट्रेकर ज्याची वाट बघत बसतात, तेच हे इंद्रवज्र. ढगातले बारीक थेंब प्रकाश आल्या दिशेनेच मागे फेकतात, म्हणून ते दिसतं. गंमत म्हणजे या रंगीत कड्याचा मध्य प्रत्येकाच्या स्वतःच्या डोळ्यांच्या सावलीवर असतो. पुढच्या आसनावरच्या नातवाचं इंद्रवज्र वेगळं, मागे बसलेल्या आजीचं वेगळं.

आता भांडणाचा निकाल. सकाळी दक्षिणेकडे जाताना उजवी खिडकी घ्यावी: ऊन पाठीशी, समोर समुद्र आणि ढग असले तर इंद्रवज्रही. संध्याकाळी परततानाही उजवीच, कारण मावळतीचं ऊन तेव्हा सह्याद्रीच्या कड्यांवर पडलेलं असतं. विमान समुद्रावरून नेलं, तर मात्र जाताना किनारा डावीकडे येतो. तो मार्ग हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष ठरवतो, त्यामुळे एकाने उजवीकडे आणि एकाने डावीकडे बसावं आणि वाटेत जागा बदलावी.