राजीनाम्यावरची तारीख

लेखमाला : पगाराबाहेरचा पगार (भाग 6)

गेल्या आठवड्यात आपण पगाराची चिठ्ठी ओळ न् ओळ वाचली. बेसिक किती, फंडात (पीएफमध्ये) किती जाते, कंपनी आपल्या नावाने मागच्या बाजूला काय साठवते, हे पाहिले. आज ही चिठ्ठी ज्या दिवशी बंद होते त्या दिवसाबद्दल.

हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत हा प्रसंग कसा घडतो ते ऐकून बऱ्याच जणांना माहीत असेल. शुक्रवारी दुपारी एचआरकडून बोलावणे येते. दार लोटून घेतले जाते. "प्रोजेक्ट बंद होतोय. आम्ही काढलं असं रेकॉर्डवर आलं तर पुढं तुम्हालाच त्रास. त्यापेक्षा तुम्हीच राजीनामा द्या. दोन महिन्यांचा नोटीस पे देतो, आजपासून मोकळे." समोरच्याच्या डोक्यात घराचा हप्ता, मुलीची शाळेची फी आणि घरी काय सांगायचे हे एकदमच गर्दी करतात. तो सही करतो आणि लॅपटॉप जमा करून बाहेर पडतो.

त्या कागदावर दोनच गोष्टी लिहिलेल्या असतात : नोकरी का संपली आणि कधी संपली. दोन्हींना पैशांत किंमत आहे, आणि ती सही करण्याआधी मोजायची असते.

कारण : गेलो की घालवले?

फंडाची पाच वर्षे भरण्याआधी पैसे काढले तर कंपनीचा वाटा आणि त्यावरचे व्याज त्या वर्षीच्या पगारात धरले जाते आणि त्यावर कर बसतो. आपल्या वाट्यावर पूर्वी करसवलत घेतली असेल तर तीही परत मोजली जाते. रक्कम 50 हजार किंवा त्याहून अधिक असेल तर 10 टक्के टीडीएस आधीच कापला जातो.

याला एक अपवाद आहे. कर्मचाऱ्याचे आजारपण, धंदा आटोपता घेणे किंवा बंद होणे, किंवा कर्मचाऱ्याच्या हाताबाहेरचे कारण यामुळे नोकरी गेली असेल तर पाच वर्षांच्या आतही ही रक्कम करमुक्त राहते. आता ज्याच्या फायलीत 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा' असे स्वतःच्या सहीने लिहिलेले आहे, त्याने हा अपवाद कशाच्या आधारे मागायचा?

नोकरकपातीच्या भरपाईचेही तसेच. कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' असलेल्या माणसाला कपातीत काढले तर एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, शिवाय नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातली ही तरतूद 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेतही कायम आहे. आयटीतला इंजिनीअर या व्याख्येत बसतो का, यावर वाद होऊ शकतो. चाकणच्या कारखान्यात मशीनवर उभा राहणारा ऑपरेटर बसतो. त्याने स्वखुशीने राजीनामा लिहून दिला की कपात झालीच नाही असा अर्थ निघतो, आणि भरपाईचा प्रश्नच उरत नाही.

तारीख : पाच वर्षांची रेघ

आता तारखेकडे येऊ. समजा, आपला माणूस 16 ऑगस्ट 2021 रोजी रुजू झाला, बेसिक 40 हजार, आणि हा शुक्रवार जून 2026 च्या अखेरचा आहे. म्हणजे नोकरीला चार वर्षे साडेदहा महिने झाले. कायम नोकरदाराला ग्रॅच्युइटी मिळायला एकाच कंपनीत पाच वर्षे सलग नोकरी लागते. हिशोब सोपा आहे : शेवटचे बेसिक आणि महागाई भत्ता गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षे. त्याच्या बाबतीत पाच वर्षांचे होतात सुमारे 1 लाख 15 हजार रुपये, आणि तेही करमुक्त. 'आजपासून मोकळे' या दोन शब्दांत तो ते सोडून येतो.

त्याने करायला हवे होते ते इतकेच : नोटीस पे नको, नोटीस पिरियड द्या, असे म्हणायचे. घरी बसवा, काम देऊ नका, पण नोकरीचा शेवटचा दिवस दोन महिन्यांनंतरचा लिहा. कंपनीच्या खिशातून पगार म्हणून जाणारी रक्कम जवळपास तीच राहते. फरक इतकाच, की शेवटची तारीख ऑगस्टच्या अखेरीस जाते आणि पाच वर्षांची रेघ ओलांडली जाते. मधल्या दोन महिन्यांचा फंडही जमा होतो.

हे जमले नाही तरी एक धागा उरतो. ग्रॅच्युइटीच्या कायद्यात वर्षभराची सलग सेवा म्हणजे 240 दिवसांचे काम, आणि आठवड्यात सहापेक्षा कमी दिवस काम असलेल्या ठिकाणी 190 दिवस, अशी व्याख्या आहे. तिच्या आधारे, पाचव्या वर्षात 240 दिवस भरलेल्याला ग्रॅच्युइटी द्यावी, असा निकाल मद्रास उच्च न्यायालयाने दिलेला आहे. मात्र अनेक कंपन्या पाच म्हणजे पाचच धरतात, त्यामुळे या वाटेने मागायचे तर भांडायची तयारी ठेवावी.

फंडाची पाच वर्षे वेगळी मोजतात, हे विसरू नका. ती एकाच कंपनीत भरावी लागत नाहीत. आधीच्या नोकरीचा फंड नव्या खात्यात वळता केला असेल तर ती वर्षेही धरली जातात. म्हणून नोकरी बदलताना फंड काढू नये, वळता करावा. या कामासाठीच यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा फंडाचा क्रमांक, असतो.

दहा वर्षांची रेघ

कंपनी तुमच्या नावाने जे 12 टक्के भरते त्यातले 8.33 टक्के पेन्शन योजनेत जातात, पण 15 हजारांच्या पगारमर्यादेपर्यंतच, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त 1,250 रुपये. पेन्शन मिळायला दहा वर्षांची सेवा लागते. आठ-नऊ वर्षे नोकरी करून स्वतःचा धंदा काढणारी माणसे फॉर्म 10-सी भरून हे पैसे काढून घेतात. त्याबरोबर ती आठ-नऊ वर्षेही पुसली जातात. त्याऐवजी योजना प्रमाणपत्र घेतले तर सेवा शिल्लक राहते आणि पुढे पुन्हा नोकरी धरली तर त्यात जोडता येते. 15 हजारांच्या मर्यादेवर दहा वर्षांची पेन्शन महिना सुमारे 2,143 रुपये येते. रक्कम लहान आहे, पण ती आयुष्यभर येते आणि मागे जोडीदारालाही काही भाग मिळतो.

फंड काढण्याचे नियमही बदलत आहेत. ऑक्टोबर 2025 मध्ये फंड सांभाळणाऱ्या ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने, नोकरी गेल्यावर संपूर्ण रक्कम काढण्याची मुदत दोन महिन्यांवरून बारा महिन्यांवर नेण्याचा निर्णय घेतला. म्हणून अर्ज भरण्याआधी त्या दिवशीचा नियम पोर्टलवर वाचावा.

सर्वांत महाग तारीख

या सगळ्यांहून महाग पडू शकते ती आरोग्यविम्याची तारीख. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आई-वडील असतात, त्यांचा मधुमेह, रक्तदाब पहिल्या दिवसापासून धरलेला असतो. ते कवच साधारणपणे नोकरीच्या शेवटच्या दिवशीच संपते. नंतर नवी पॉलिसी घ्यायला गेलो तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय आहे आणि ग्रुपमध्ये काढलेल्या वर्षांचे श्रेयही मिळते. पण तो अर्ज नोकरी चालू असतानाच केलेला बरा. दोन महिन्यांचा नोटीस पिरियड इथेही कामाला येतो.

तेव्हा बंद दाराआड कोणी कागद पुढे सरकवला तर एवढेच म्हणा : "घरी वाचतो, सोमवारी देतो." मग नेमणुकीचे पत्र शोधा, रुजू झाल्याची तारीख पाहा, बोटांवर वर्षे मोजा आणि कारणाच्या रकान्यात काय छापले आहे ते वाचा. दोन दिवस मागितल्याने गेलेली नोकरी परत येणार नाही. पण पाच वर्षे घाम गाळून कमावलेले कोणाला फुकट द्यायचे कारणही नाही.

(पुढील आठवड्यात : 'फुल अँड फायनल'च्या हिशोबात काय तपासावे?)