पळसगावचा यशवंत

रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात पळसगाव म्हणून एक खेडे आहे. तिथला यशवंत घाडगे हा तरुण १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढता लढता मेला. वय अवघे २२. पलटण पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री, बटालियन तिसरी, हुद्दा नाईक. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे आपल्यापैकी काहींनी वाचले असेल. पण त्याचे प्रेत कधी सापडले नाही, हे फारसे कोणी सांगत नाही. (आम्ही त्याला एकेरीत लिहितो आहोत. २२ वर्षांच्या पोराला अहो-जाहो करवत नाही.)

४ जून १९४४ रोजी दोस्तांच्या फौजा रोममध्ये शिरल्या. जर्मन उत्तरेकडे मागे हटू लागले, पण हटता हटता प्रत्येक टेकडी लढवीत होते. रोमची टायबर नदी ज्या डोंगरांतून खाली येते, तिथल्या खोऱ्यात ही लढाई चालली होती. आपले शिपाई चढावर आणि शत्रूची मशीनगन वर, असा तो सगळा मामला.

नाईक म्हणजे लहानशा सेक्शनचा म्होरक्या. यशवंतच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. सारे जण मेले किंवा जखमी होऊन पडले. उभा राहिला तो एकटा यशवंत. माघारी फिरला असता तरी त्याला कोणी नाव ठेवले नसते. पण तो पुढे धावला. आधी हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही गारद केले. मग टॉमीगनने आणखी एकाला टिपले. गोळ्या संपल्या आणि नव्या भरायला सवड नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या दांड्याने उरलेल्या दोघांना त्याने लोळवले. मोर्चा हाती आला, पण लपून बसलेल्या नेमबाजांनी त्याला छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. जिंकलेल्या मोर्चातच त्याने प्राण सोडला.

२ नोव्हेंबर १९४४ च्या लंडन गॅझेटमध्ये हा सन्मान जाहीर झाला. त्या कागदात त्याच्या शेवटच्या काही मिनिटांचा हिशेब चोख मांडला आहे. आधीच्या बावीस वर्षांचा मात्र त्यात मागमूस नाही. सरकारी कागदाला तेवढेच ठाऊक असते. घरच्यांना मात्र ती बावीस वर्षेच आठवत राहतात.

वाचकहो, ही कथा सांगताना आम्हांला शेजारच्या महाड तालुक्याची आठवण होते. १८९० नंतर इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. पिढ्यान्‌पिढ्या शिपाईगिरी केलेली घरे एका हुकुमासरशी दाराबाहेर उभी राहिली. महाडजवळच्या रावढळचे लष्करी पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली ही भरती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज तयार केला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली महारांची एक पलटण उभी केली, आणि गरज सरल्यावर १९२१ साली ती मोडली. १९४१ साली बाबासाहेबांची व्हॉइसरॉयच्या संरक्षण मंडळावर नेमणूक झाली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. यशवंत ज्या युद्धात मेला, त्याच युद्धात आपल्या पोरांनाही पुन्हा बंदूक धरता आली. मरण्याची वेळ येणाऱ्या नोकरीसाठीही आपल्या माणसांना अर्जविनंत्या कराव्या लागल्या, हे आजच्या मुलांना सांगितले तर पटकन खरे वाटणार नाही. सांगावे मात्र जरूर.

इटलीच्या त्या मोहिमेत ५,७८२ हिंदी सैनिक कामी आले. बहुतेकांचे गाव खेडे, आणि मागे घरात बायको, आई, म्हातारा बाप. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे कॅसिनोच्या स्मारकावर कोरली आहेत. त्यांत यशवंतचेही नाव आहे. माणगावात त्याचा पुतळा आहे. आणि त्याच खोऱ्यातल्या माँटोने या गावाने २२ जुलै २०२३ रोजी, म्हणजे तो गेल्यावर ७९ वर्षांनी, त्याच्या नावाचे स्मारक उभारले.

हे स्मारक म्हणजे एक सूर्यघड्याळ आहे. त्यावर लॅटिन भाषेत कोरलेल्या शब्दांचा अर्थ असा की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. त्या घड्याळाची सावली दुपारच्या बारावर येते, तेव्हा पळसगावात साडेचारचा सुमार असतो.